ओल्या सिमेंटवरच्या टिटव्या

५ ऑगस्ट

पेलेती,

तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तू मध्येच ठेवलास. म्हणून हे पत्र. कागद मध्येच ठेवता येत नाही. ठेवलास तरी तो टेबलावर पडून राहील, तुइआलाच्या हाती लागेल, आणि तुझी बायको माझं पत्र वाचल्याशिवाय राहायची नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. शेजारची मालिए उद्या लेकीच्या बाळंतपणासाठी ऑकलंडला निघाली आहे, तिच्या पिशवीत घातलंय.

मुद्द्याचं आधी. काल सकाळी अतोनियो चार माणसं घेऊन आला. हातात दोरी आणि खुंट्या. मी विचारलं, "काय रे, डुक्कर बांधायचंय?"

"नाही मावशी, मामाचं घर बांधायचंय," असं म्हणून तो थेट उआच्या मळ्यात घुसला आणि खुंट्या ठोकायला लागला. आपल्या मेलेल्या बहिणीचा मुलगा तो, त्याला मी भरवलंय, आणि माझ्याच डोळ्यांदेखत तो आईच्या हातच्या झाडांमध्ये दोरी ताणत होता.

खुंट्या मी उपटल्या. एकूण एक. मुलांना वाटून टाकल्या. छान सरळ लाकूड आहे, साल कुटायला लहान हातात बरोबर बसतं. त्याबद्दल तुझे आभार.

ऑकलंडच्या थंडीत तुझं डोकं गोठलं असेल तर आठवण करून देते. उआच्या सालीचंच आपलं कापड होतं, सिआपो. बुंध्याला फुटलेला प्रत्येक कोंब रोज खुडावा लागतो, नाहीतर सालीला भोक पडतं. मग झाड कापायचं, साल सोलायची, आतला पांढरा पापुद्रा शिंपल्यांनी खरवडायचा, कुटून कुटून रुंद करायचा, वाळवायचा आणि मग त्यावर केवड्याच्या वाळक्या फळाच्या कुंचल्याने नक्षी काढायची. तूही लहानपणी कोंब खुडलेत. तुला खुडताना झाडाखाली झोप लागायची, ते वेगळं.

आता हे काम मुलं करतात. रविवार सोडून रोज सकाळी, गावातली चार-पाच-सहा वर्षांची सगळी कारटी माझ्या घरी, या उघड्या फालेत येतात. मी त्यांना नक्षी काढून दाखवत नाही. आधी वस्तू बघून या म्हणते. गोम काढायची तर दगड उचला, गोम बघा, चावून घेऊ नका. तारामासा काढायचा तर ओहोटीला जा. बघितलं नसेल तर काढायचं नाही, एवढाच माझा नियम. गेल्या आठवड्यात लोनिसेने गोम काढली, सगळे पाय एकाच बाजूला. मी विचारलं, दुसऱ्या बाजूचे कुठे गेले? ती म्हणाली, "आजी, ती कुशीवर झोपलीय." पाच वर्षांची आहे. गोम तशीच ठेवली.

तुझं म्हणणं अतोनियोने मला घाबरत घाबरत सांगितलं. सिआपो आता कुणाला हवाय, पोरांनी इंग्रजी शिकावं, आणि समुद्राचा वारा फक्त त्याच जागेला लागतो म्हणून घर तिथेच. वारा रस्त्याकडच्या जागेलाही लागतो, पेलेती. तिथे घर बांध, बंगला बांध, हवं तर विमानतळ बांध. वर्षातून तीन आठवडे येणार तू, आणि उरलेले दिवस त्या घरात पाली राहणार. पालींना समुद्राचा वारा कशाला हवा?

तू विचारणारच आहेस म्हणून उत्तर आधीच देते. नाही.

वाएलुपे


२२ ऑगस्ट

सन्माननीय सेउमालाए,

आपला निरोप अतोनियोमार्फत पोचला. "मताई मी आहे. जमिनीचं काय करायचं ते मी ठरवणार." वा! खाली बसूनच ऐकलं, हात जोडून. आपण कुटुंबाचे प्रमुख. गावसभेत आपल्या खांबाला टेकून बसण्याचा मान आपला, आणि तो खांब गेली सहा वर्षं रिकामा आहे, कारण मानकरी ऑकलंडच्या गोदामात पेट्या मोजतात. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी गावात आणून उभा करा.

पुरे झालं. हे 'आपण' लिहिताना माझा हात दुखतो.

तू मताई आहेस हे मला शिकवू नकोस, पेलेती. तुला सेउमालाए ही पदवी द्यायला कुटुंब बसलं होतं तेव्हा तुझ्या नावावर आधी 'हो' कुणी म्हटलं होतं? जमिनीवर हुकूम तुझा, कबूल. पण त्या हुकुमाच्याही आधीचा एक करार आहे, भावा-बहिणीचा. बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, असं म्हाताऱ्या माणसांनी तुझ्याकडून घोकून घेतलं होतं. बाहुलीत बोट घालून घर बांधलंस तर ते बघणार कशाने?

आणि आणखी एक. मुलांचं काम बघून तू "ही काय बिघडलेली नक्षी" म्हणालास, असं कळलं. अतोनियोने तुला फोटो पाठवला म्हणे. तुला टिटवीची पावलं वाकडी वाटली. त्या टिटव्या दगडावर चालत होत्या, वाळूत नाही. दगडावर पाऊल वाकडंच पडतं. छोट्या फिलीने स्वतः मागे मागे जाऊन बघितलंय, पार्श्वभागावर चड्डी नसताना. तू कधी गेला होतास?

मी रागावले आहे हे तुला कळावं म्हणून लिहिते, मी रागावले आहे. आईचा मळा आहे म्हणूनच फक्त नाही. आई मेली, तिला आता उआ कशाला? राग याचा आहे की ही मुलं सकाळी धावत येतात. शाळेत जाताना त्यांना ओढून न्यावं लागतं, आणि इथे ती कोंबडा आरवायच्या आधी कुंचला मागत उभी असतात. फिलीच्या आईने परवा मला विचारलं, "आजी, त्याला तुम्ही काय खायला घालता?" काही नाही घालत. त्याला काहीतरी दिसायला लागलंय, एवढंच.

ऑक्टोबरात मुलांचा रविवार. त्या दिवशी चर्चमध्ये मुलं पुढे बसतील, मोठी माणसं मागे. मुलांना वेदीपुढे स्वतःचा सिआपो टांगायचाय. भला मोठा, सगळ्यांच्या नक्ष्यांचा. त्यासाठी सगळा मळा लागेल. तो तू सोडतोस की नाही, एवढं कळव.

वाएलुपे


८ सप्टेंबर

पेलेती,

कळवलंस. छान कळवलंस.

उत्तरेकडून टिटव्या परतल्या आहेत, म्हणून मंगळवारी मुलांना ओहोटीला किनाऱ्यावर नेलं होतं. परत आलो तर अर्धा मळा आडवा. कोयत्याने कापला असता तर निदान साल वापरता आली असती. यंत्राने काढला. बुंधे चिरडलेले, साल चिंध्या झालेली. अतोनियो मान खाली घालून उभा होता. "मामाने सांगितलं, तू घरात नसताना कर," असं त्याने सांगून टाकलं. लपवायची अक्कल त्याला नाही, म्हणून तो मला अजून आवडतो.

 मला वाटलं होतं मुलं रडतील. लोनिसे एका चिरडलेल्या बुंध्याशी बसली आणि त्यावरचे कोंब खुडायला लागली. मी म्हटलं, "आता नको गं, आता उपयोग नाही." ती थांबली नाही, मग मीही तिच्याशेजारी बसले.

शुक्रवारी फरशीचं सिमेंट ओतलं. बातमी द्यायची म्हणून देते, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर पावलं उमटलेली दिसली म्हणे. टिटव्या असतील. नुकत्याच आल्यात, नवी जागा दिसली की उतरतात. पाखरांना कोण अडवणार? मी काय सांगू, संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळची गोष्ट, तेव्हा मी काही बघितलेलं नाही.

वाएलुपे


१७ सप्टेंबर

पेलेती,

अतोनियोने फोटो पाठवलेच तर. आणि तू तुइआलाकरवी विचारलंस की टिटव्या चप्पल घालून चालतात का, आणि टिटव्यांबरोबर गोम, तारामासे, मासेमारीचं जाळं आणि कोंबडीचं पिल्लू कसं आलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. टिटव्यांची थाप फार काळ टिकणार नाही हे मलाही माहीत होतं. फक्त तू एकदा वाचून गोंधळावास अशी इच्छा होती. झालास ना?

आता ऐक, जसं झालं तसं सांगते.

शुक्रवारी सिमेंट ओतून होईपर्यंत ऊन उतरलं. अतोनियो फळी फिरवून कडा सारख्या करत होता, तेवढ्यात शंख वाजला. प्रार्थनेची वेळ. तुला माहीत आहे, शंख वाजला की आपल्या गावात कुत्रंसुद्धा बाहेर राहत नाही. रस्त्यावर मताई काठ्या घेऊन उभे. अतोनियो हात न धुताच घरी पळाला. ओल्या सिमेंटजवळ पहारा द्यायला माणूस नाही, अशी गावात दिवसभरात ती एकच वेळ.

आणि मी प्रार्थनेला नव्हते.

रविवारच्या शाळेत मुलांना देवाच्या गोष्टी सांगणारी मी, शंख वाजल्यावर मळ्यात उभी होते. मुलंही होती. कशी आली ते विचारू नकोस. मी कुणाला बोलावलं नाही, पण कुणाला परतही पाठवलं नाही. मागच्या बाजूने, केवड्याच्या झुडपांमधून, एकेक करून आली. कुणी रांगत आलं. फिली तर उगाचच पोटावर सरपटत आला.

सगळी काठावर उभी राहिली. ओलं, करडं, गुळगुळीत, केवढं मोठं! एवढा मोठा सिआपो त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

लोनिसेने कुजबुजत विचारलं, "आजी, हे कापड आहे?"

मी म्हटलं, "तुमचं कापड तोडून हे केलंय."

"मग हे आमचं?"

पेलेती, मी 'नाही' म्हणू शकले असते. तोंडात एकच शब्द हवा होता. मी कमरेचे शिंपले काढून तिच्या हातात दिले.

मग काय! शिंपल्यांनी, काड्यांनी, केवड्याच्या फळांनी, बोटांनी. एकही पोर आवाज करत नव्हतं. घराघरांतून स्तोत्रं ऐकू येत होती आणि ही सगळी ओणवी होऊन काढत होती. मधे जाता येत नव्हतं म्हणून कडेकडेने. मधे नक्षी हवी म्हणून शेवटी फिलीला मी दोन्ही हातांनी धरून पुढे झुकवलं, तर त्याची चप्पल पडली आणि तळव्याची जाळी उमटली. तो रडायला लागला, बिघडलं म्हणून. लोनिसे म्हणाली, "गप रे. तू चप्पल रोज बघतोस ना? मग चालते." माझाच नियम माझ्या तोंडावर.

दुसरा शंख वाजायच्या आत सगळी पांगली. असं झालं.

आता तू नावं मागतो आहेस. कोणकोणती मुलं होती ते कळव, त्यांच्या घरांकडून दंड घेऊ. नावं हवीत तुला? घे. वाएलुपे. एवढंच नाव. बाकीची टिटव्यांची नावं मला माहीत नाहीत.

आणि तू गावसभेकडे तक्रार नेण्याआधी मीच तिथे गेले. बाई माणसाने आत जाऊन बोलू नये, म्हणून उंबऱ्याशी बसले आणि म्हणाले, शंख वाजल्यावर मी बाहेर होते, दंड सांगा.  मग सभेतल्या म्हाताऱ्या तोफिलाऊने विचारलं, "एकटी होतीस का?" मी म्हटलं, "होते." तो माझ्याकडे बघत राहिला, आणि त्याच्या मागे त्याचा नातू कानावर वाळलेलं सिमेंट घेऊन उभा होता. म्हातारा म्हणाला, "एकटी होती असं म्हणते तर एकटीच असणार." एका डुकरावर भागलं. ते दिलं, वाटून खाल्लं, मलाही एक पाय आला.

आता माझी बाजू. तू कराराच्या बाहेर गेलास, पेलेती. मी घरात नसताना झाडं तोडलीस. समोर उभा राहून तोडली असतीस तर मी भांडले असते, भांडण हे नात्यातच असतं. तू येशील, माझ्या फालेपुढे डोक्यावर चटई घेऊन बसशील, चारचौघांदेखत माफी मागशील. तोपर्यंत मला भाऊ नाही.

वाएलुपे


२९ सप्टेंबर

तुइआला,

हे पत्र तुला लिहिते आहे, कारण ज्याला लिहायचं तो सध्या माझा कुणी नाही. त्याला वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

त्याने हुकूम पाठवला होता, सोमवारी उरलेला मळा काढा आणि खराब फरशी फोडून नवी करा. अतोनियो यंत्र घेऊन आला, बरोबर पलीकडच्या गावचा चालक. मी मळ्याच्या तोंडाशी बसून शिंपले घासत होते. आडवी पडले नाही, ओरडले नाही. मुलांना मुद्दाम त्यांच्या घरी ठेवलं होतं, कारण लेकरांना ढाल करून भांडणारी मी नाही.

अतोनियो म्हणाला, "मावशी, बाजूला हो."

"होते की. आधी दोन शब्द बोलायचे आहेत."

त्याचा चेहरा उतरला. "कसले शब्द?"

"बहीण भावाला म्हणते ते."

"मावशी, तोंडातून काढू नकोस हं! मामाच्या नावाने काही बोलू नकोस! बोललेलं परत घेता येत नाही."

"ते मला माहीत आहे."

बहिणीच्या शापाने भावाचं घर बसतं, मुलं आजारी पडतात, हे तुलाही आईने सांगितलं असेलच. चालकाने यंत्र बंद केलं. दोघं माझ्या तोंडाकडे टक लावून बघत उभे. आणि मला, पहाटे चारपासून जागी असलेल्या बाईला, त्याच क्षणी जांभई आली. मी तोंड उघडलं मात्र, चालक उडी मारून खाली उतरला आणि पळत सुटला. यंत्र सोडून! अतोनियो कानावर हात ठेवून त्याच्या मागे. दुपारी अतोनियो पाठमोरा येऊन यंत्र घेऊन गेला, माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता.

आता या बेटावर तुझ्या नवऱ्याच्या पैशाने कुणीही मळ्याला हात लावणार नाही. लावायचा तर त्याला स्वतः यावं लागेल, आणि स्वतः आला तर आधी माझ्यापुढे बसावं लागेल. त्याला सांग, मी वाट बघत नाही.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे. पण त्याला असंच सांग.

तुझी नणंद
वाएलुपे


२० ऑक्टोबर

पेलेती,

तू गेलास आणि पाऊस लागला. सुखरूप पोचल्याचं तुइआलाने कळवलं.

त्या शनिवारी, मुलांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, तू कापडाखाली होतास, तुला काही दिसलं नसणार. म्हणून बाहेर काय चाललं होतं ते लिहून ठेवते, नाहीतर तू ऑकलंडमध्ये सगळं आपल्या सोयीने सांगत फिरशील.

तू उजाडायच्या आधी येऊन खडीवर बसलास तेव्हा मी जागी होते. माझ्या फालेला भिंती नाहीत, त्यामुळे तू दिसत नाहीस असं सोंग घेणं कठीण होतं. तरी घेतलं. कोको उकळला, प्यायले, भांडं घासलं. आणि मग नीट बघितलं तर तू छापील कापडाखाली! धक्क्यावरच्या बाजारातलं, सिआपोची नक्कल म्हणून पाहुण्यांना विकतात ते. आधी माझं रक्त खवळलं. मग लक्षात आलं, घरच्या सगळ्या चटया माझ्या पेटीत. माफी मागायला चटई हवी, तर ती माझ्याकडेच मागावी लागणार. बिचारा! हसू दाबायला मी आणखी एक भांडं घासायला घेतलं.

एवढ्यात मुलं आली. उरलेल्या अर्ध्या मळ्यातून जेवढी साल निघाली तेवढ्याचा सिआपो केला होता, त्यावरचा शेवटचा रंग त्या दिवशी द्यायचा होता.

"आजी, बाहेर कोण बसलंय?"

"मला कुणी दिसत नाही."

"कापडाखाली कुणीतरी आहे."

"वारा असेल."

फिली वाकून बघून आला. "वाऱ्याला पाय आहेत," तो म्हणाला. "मोठे आहेत. नखं कापायला हवीत."

मग सगळी तुझ्याभोवती उकिडवी बसली आणि कापड वाचायला लागली. त्यांना मी तेच शिकवलंय, समोर नक्षी आली की वाचायची. पुढचं तू ऐकलं आहेसच. हे जाळं, हेही जाळं, ही टिटवी, पण टिटवीला पाच बोटं! तारामाशाला सहा हात! आणि हे काय आहे? तेव्हा आतून तुझा आवाज आला, "जास्वंद." लोनिसे म्हणाली, "जास्वंद अशी नसते." तू म्हणालास, "छापलीय तशी." ती म्हणाली, "तुम्ही बघितली नाही का कधी?"  तेव्हा मी खांबाआड तोंडावर हात दाबून उभी होते, हे तुला माहीत नाही.

मग ती आणखी जवळ सरकली आणि म्हणाली, "तुम्ही माफी मागताय?"

"हो."

"कुणाची?"

"तुझ्या आजीची."

"का?"

 मी खांबाआडून कान दिला. तू म्हणालास, "झाडं तोडली म्हणून."

"ती आमची पण होती."

तुझे खांदे कापडाखाली हलले ते मी बघितलं. तू काय केलंस आत, मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही.

"मग तुमची पण मागतो," तू म्हणालास.

"या कापडाने नाही होणार," लोनिसेने निकाल दिला. "हे खोटं आहे." आणि सगळी पळाली. मला वाटलं, खेळायला गेली. तर वळचणीला वाळत घातलेला सिआपो चार कोपऱ्यांना धरून आणताना दिसली. त्यांचा, उद्याचा, चर्चमध्ये टांगायचा! तो त्यांनी तुझ्या डोक्यावर घातला.

मी ठरवलं होतं दुपारपर्यंत उठायचं नाही. तुला ऊन लागू दे, गुडघे दुखू देत, गावाने बघू दे. काय बोलायचं ते आठवडाभर मनात रचलं होतं, आईचं नाव घालून, आजोबांचं नाव घालून. पण तो रंग ओला होता! तशीच धावले, सिआपो उचलला आणि माझ्या तोंडून निघालं ते सगळ्या गावाने ऐकलं. "अरे गाढवा, रंग ओला आहे!"

म्हातारा तोफिलाऊ अजून हसतो. म्हणतो, आपल्या बेटावर एवढी माणसं चटईखाली बसली, पण अशा शब्दांनी कुणाला माफी मिळाली नव्हती. मी त्याला सांगितलं, मी कापडासाठी उठले होते. तुझ्यासाठी नव्हते. कुणी विचारलं तर तूही हेच सांग.

तुझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर तपकिरी रंग उतरला आहे. तो जात नाही, तुइआलाला घासू देऊ नकोस. पाठीवरचा तुला दिसला नसेल, तू तोच सदरा घालून विमानात बसलास.

आता कामाचं. तू मुलांपुढे बोललास ते त्यांनी लक्षात ठेवलंय. उरलेला मळा राहील, तोडलेल्या जागेत जिथे माती आहे तिथे नवी रोपं लागतील, आणि तुझं घर रस्त्याकडे. फरशी फोडायची नाही. अतोनियो तिच्यावर खांब उभे करतो आहे, वर छप्पर घालेल. तू निरोप पाठवलास की भिंतीही घालून देतो, खिडक्यांना काचा लावून देतो. भिंती नकोत. मुलं आतून बाहेर बघत नाहीत, ती बाहेरच असतात. तुझ्या नावाची पाटीही नको. तू मताई आहेस, पण त्या फरशीवर तुझं काहीही नाही. ज्यांनी तिच्यावर नक्षी काढली त्यांची ती आहे.

रविवारी मुलांची जेवणं आधी वाढायची असतात, तेव्हा तू वाढायला उठलास. पाय दुखत होते तरी वाकून वाढलंस, फिलीला मासा काटे काढून दिलास. ते मी बघितलं. तू मला बघायला लावलंस असं नाही, मी आपणहून बघितलं.

आणि निघताना, धक्क्यावर, बोटीचा भोंगा वाजल्यावर तू विचारलंस, "वाएलुपे, खरंच म्हणणार होतीस का तो शाप?" मी तुला टोपली दिली आणि तोंड फिरवलं. चारचौघांत उत्तर द्यायचं नव्हतं. इथे देते.

हो. म्हटला असता. जांभई नसती आली तर त्याच सोमवारी म्हटला असता, शब्द तयार होते. आणि मग उरलेलं आयुष्य तुझ्या लेकरांना काही होऊ नये म्हणून देवाशी भांडत बसले असते. मला माहीत होतं, तरी म्हटला असता. तू आलास, म्हणून मला अजून भाऊ आहे.

तुझी बहीण
वाएलुपे